वसईतील धर्मग्रामाचा इतिहास कसा लिहावा

चर्चच्या महोत्सवाची स्मरणिका काढायची ठरली की पहिली पाने बहुधा एका यादीने भरतात: कोणत्या धर्मगुरूंच्या कारकिर्दीत घंटाघर, शाळा किंवा सभागृह उभे राहिले. ती यादी अवश्य द्यावी. पण धर्मगुरू बदलीवर येतात आणि जातात, वाड्या मात्र जागच्या जागी राहतात. म्हणून धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील ख्रिस्ती वस्तीच्या, इतिहासाचा कणा वाड्यांचा असावा.

आधी काळाची चौकट आखून घ्यावी. १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांकडे आली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकल्यावर युरोपीय मिशनरी निघून गेले आणि धर्मग्रामांचा भार मुख्यतः गोव्याकडील धर्मगुरूंवर आला. पुढे १८८६ मध्ये दमण धर्मप्रांत (बिशपच्या अधिकाराखालचा प्रदेश) स्थापन झाला, १९२८ मध्ये त्याचा या बाजूचा प्रदेश मुंबईला जोडला गेला आणि १९९८ मध्ये वसई स्वतंत्र धर्मप्रांत झाला. सत्ता आणि धर्मसत्ता अशी वारंवार बदलल्यामुळे एकाच चर्चची कागदपत्रे वसई, मुंबई आणि गोवा येथे विखुरलेली असू शकतात. दर्शनी भिंतीवरच्या सनावर एकदम भिस्त ठेवू नये, कारण तो सन पहिल्या चर्चचा आहे, पुनर्बांधणीचा आहे की धर्मग्रामाला स्वतंत्र दर्जा मिळाल्याचा, हे कागद पाहिल्याशिवाय कळत नाही.

खरा खजिना नोंदवह्यांत असतो. स्नानसंस्काराची (बाप्तिस्म्याची) आणि विवाहाची नोंद ठेवण्याची सक्ती कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ मध्ये केली, आणि प्रमुख धर्मगुरूंची परवानगी घेऊन या वह्या शांतपणे वाचल्या तर गावाचा सामाजिक इतिहास उलगडतो. स्नानसंस्काराच्या नोंदीत बालकाचे, आईवडिलांचे आणि धर्ममातापित्यांचे नाव असते. समासात पुढे त्या व्यक्तीचे दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा दृढ करणारा संस्कार) आणि विवाह नोंदवला जातो. या समासावर विशेष लक्ष द्यावे. लेकी कोणत्या धर्मग्रामात दिल्या गेल्या आणि मुंबईतल्या चर्चची नावे कोणत्या दशकापासून येऊ लागली, हे तिथे दिसते. नोकरीसाठी झालेल्या स्थलांतराचा इतका साधा पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळतो. मात्र जुन्या नोंदी लॅटिन किंवा पोर्तुगीज भाषेत असतात, त्यामुळे एकच माणूस एका वहीत जाकोबुस, दुसऱ्या वहीत टियागो आणि घरी जेम्स असू शकतो. आडनावांवरूनही घराणी जुळवू नयेत; डिसोझा आणि परेरा गावोगाव आहेत, घराणे ओळखायचे ते त्याच्या टोपणनावाने. पितृत्व, कलह किंवा आजार यांविषयीची खासगी नोंद छापू नये, मग ती कितीही जुनी असो.

वह्यांत जे नाही ते वृद्धांकडून घ्यावे. "कोणत्या साली?" असा प्रश्न विचारल्यास उत्तर चुकण्याचीच शक्यता अधिक, "मिस्सा लॅटिनमध्ये होती तेव्हा की मराठीत आल्यावर?" असे विचारल्यास काळ बऱ्यापैकी पकडता येतो, कारण मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेच्या, भाषेतला हा बदल कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरचा (परिषद १९६२–६५) आहे. आजींकडून लग्नातली गाणी ध्वनिमुद्रित करून ती सामवेदी किंवा वाडवळी बोलीत जशीच्या तशी उतरवावीत. प्रमाण मराठीत आणली की त्यांची चव जाते. पानवेलीचे मळे, केळीच्या बागा आणि सुकेळी (वाळवलेली केळी) यांविषयीही विचारावे. शेतीचे वेळापत्रक आणि सणांचे वेळापत्रक एकमेकांना धरून चालत असे, हे त्यांच्या बोलण्यातून आपोआप येते.

धर्मग्राम केवळ उपासनेपुरता नव्हता, याला ठोस आधार द्यावा. बसीन कॅथलिक बँकेचा उगम १९१८ च्या पतपेढीत आहे आणि तिच्या स्थापनेत मोन्सेन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंचा पुढाकार होता. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील वसईची हिरवाई वाचवण्यासाठीच्या हरित वसई चळवळीतही चर्चशी जोडलेली माणसे मोठ्या संख्येने उतरली. आपल्या धर्मग्रामात पतपेढी, शाळा, बँड किंवा नाटकमंडळ असेल तर त्याच्या सभावृत्तांताची वही शोधावी. त्यात वर्गणीवरून झालेले वादही मिळतील, आणि ते गाळू नयेत.

कच्चा मसुदा तयार झाल्यावर तो प्रत्येक वाडीतल्या दोन-तीन जाणत्यांना वाचून दाखवावा, दुरुस्त्या तारखेसह नोंदवाव्यात आणि छपाईनंतर एक प्रत नोंदवह्यांच्याच कपाटात ठेवावी.