ओव्हन नाही, लाईटचा भरवसा नाही, तरी पार्टीला लावा गोडाचा पाट

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात भाच्याच्या वाढदिवसाला मी मोठ्या हौसेने डेझर्ट बोर्ड, म्हणजे एकाच फळीवर मांडलेले गोडाचे नाना प्रकार, लावला होता, मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून, चॉकलेटची नाणी, मार्शमेलो, वेफर रोल, मध्ये चॉकलेट सॉसचा बाऊल, आणि मांडला कुठे तर खळ्यात, म्हणजे अंगणात, मांडवाखाली, दुपारी चार वाजता. साडेचारला नाण्यांचा एकच गोळा झाला होता, वेफर रोल वाकत होते पण मोडत नव्हते आणि मुंग्यांची रांग पार तुळशीपासून लागली होती. केक कापायच्या आधीच आईने तो सगळा पसारा उचलून आत नेला, वर म्हणाली, "त्यापेक्षा फणसाचे गरे ठेवले असतेस तर पोरांनी खाल्ले तरी असते."

राग आला होता पण बाई बरोबर बोलली होती. चॉकलेटमधलं कोको बटर साधारण ३४ अंशाला वितळतं, आणि आपल्याकडे कोकणात मे महिन्यात दुपारी सावलीतही पारा तिथेच घुटमळत असतो. त्यात हवा दमट, म्हणजे जे कुरकुरीत ते पंधरा मिनिटांत सादळणार. व्हिडिओतले ते बोर्ड एसीच्या खोलीत लावलेले असतात हे मला तेव्हा कळलंच नव्हतं. आता मी बोर्ड लावते तो आपल्या हवेला विचारून. गेल्या मे मध्ये नणंदेचं केळवण केलं, पंचवीस माणसं, अर्धे मुंबईचे चाकरमानी, घरात ओव्हन नाही आणि दुपारभर लाईट येऊनजाऊन, तरी पाट छान झाला. तो कसा केला तेच सांगते.

आधी हिशोब

वडे-सागोती जेवून झाल्यावर गोड ठेवणार असाल तर माणशी ४ छोटे तुकडे पुरतात, कुणी कितीही हौशी असलं तरी पोटात जागा नसते. नुसती चहाच्या वेळची पार्टी असेल तर ६-७ धरा. आमचं जेवणानंतरचं, म्हणजे १०० तुकडे. आकडा ऐकून घाबरायला होतं पण २०० ग्रॅम मारी बिस्किटांच्या रोलमधूनच तीसेक चकत्या निघतात. माझा नियम असा की चार-पाच प्रकार घरचे, दोन-तीन विकतचे, बाकी फळं. सगळं घरीच करायचा हट्ट धरला की पार्टीच्या दिवशी आपणच आडव्या.

बोर्ड विकत आणायची गरज नाही. घरात पाट असतोच, दीड फुटाचा चौकोनी जुना पाट मस्त दिसतो, फक्त नवीन पॉलिश केलेला घेऊ नका, वास लागतो. त्यावर केळीचं पान. पान आणलं की मधला जाड दांडा काढायचा आणि दोन्ही तुकडे गॅसच्या बारीक आचेवरून सरसर फिरवायचे, हिरवा रंग एकदम गडद होतो आणि पान कापडासारखं मऊ पडतं, मग कडेला दुमडताना चिरत नाही. पुसून कोरडं करायचं. ओलं राहिलं तर वर ठेवलेलं सगळं खालून ओलं होतं.

दोन दिवस आधी

बिस्किटाचा रोल करून ठेवा, आपल्या लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत व्हायचा तोच. २०० ग्रॅम मारी मिक्सरमधून बारीक करून चाळायची, २ मोठे चमचे कोको पावडर, ३ चमचे पिठीसाखर, आणि दूध चमच्याचमच्याने. एकदम ओतलंत तर संपलं, पीठ चिकट होतं आणि मग दुसरा पुडा फोडावा लागतो. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट गोळा झाला पाहिजे. आतलं सारण म्हणजे अर्धी वाटी सुकं खोबरं (बाजारात बारीक किसलेलं पांढरं मिळतं ते), २ चमचे मऊ बटर, २ चमचे पिठीसाखर, वेलची. गोळ्याचे दोन भाग करायचे, प्रत्येक भाग दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये लाटून सारण पसरायचं, घट्ट गुंडाळायचं, टोकं टॉफीसारखी पिळायची आणि फ्रीजरमध्ये. कोको पावडरीत कोको बटर थोडंच असतं त्यामुळे हा रोल चॉकलेटसारखा वितळत नाही, फारतर जरा मऊ पडतो.

खजुराचा रोल त्याहून सोपा. २५० ग्रॅम बिया काढलेला खजूर चमचाभर तुपावर परतला की दोन मिनिटांत लगदा होतो, त्यात १०० ग्रॅम काजू तुकडा, गार झाला की वळकटी करून खसखशीत घोळवा. हा बाहेर राहिला तरी काही होत नाही. काजू तुकडाच घ्या, अख्खा काजू कापताना मध्येच अडकतो आणि चकती फाटते, शिवाय तुकडा स्वस्त.

तिसरे खोबऱ्याचे लाडू. २०० ग्रॅम सुकं खोबरं आणि ४०० ग्रॅमच्या कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यातला अर्धा डबा, नुसतं कालवून सुपारीएवढे वळले की पंचवीस होतात. ओल्या नारळाचे जास्त छान लागतात, नारळ तर आपल्याकडे परसातच पडलेले असतात, पण ओलं खोबरं न शिजवता उन्हाळ्यात ठेवलं की संध्याकाळपर्यंत आंबूस वास यायला लागतो. म्हणून या एका बाबतीत विकतचं सुकं बरं.

आदल्या दिवशी

आता जेली, आणि इथे जरा थांबून वाचा. तयार पाकिटातली जिलेटिनची जेली शरीराच्या तापमानाच्या आसपास वितळते, म्हणजे कोकणातल्या दुपारी तिचं सरबतच. चायना ग्रासची (म्हणजे अगर-अगर, समुद्री शेवाळापासून करतात ते) जेली एकदा सेट झाली की ८५ अंशापर्यंत हलत नाही, आणि शाकाहारीही आहे, म्हणजे आजीला विचारावं लागत नाही. १० ग्रॅम चायना ग्रास कात्रीने कापून पाव लीटर साध्या पाण्यात अर्धा तास भिजवा, मग त्याच पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळा, एकही धागा दिसता कामा नये. त्यात ३-४ चमचे साखर. अर्धा लीटर शहाळ्याचं पाणी वेगळं ठेवा, ते फ्रीजमधलं गार नको. चायना ग्रास ३५-४० अंशालाच सेट व्हायला लागते, गार पाण्यात ओतली की लगेच गुठळ्या आणि धागे. मी पहिल्यांदा नेमकं तेच केलं होतं, शेवयांची खीर दिसत होती. गॅस बंद करून दोन्ही एकत्र करा, शहाळ्याची मलई लांब लांब कापून टाका, ट्रेमध्ये ओता. ट्रे हलवू नका. अर्ध्या तासात घट्ट.

गुलाबी रंग हवा असेल तर थोडं मिश्रण वेगळं काढून गॅसवरून उतरवल्यावर कोकम सिरप घाला. उतरवल्यावरच, कारण आंबट घालून उकळलं तर चायना ग्रासचा जोर जातो. आणि सिरपच, आगळ (कोकमाचा बिनसाखरेचा आंबट रस) नाही! आगळात मीठ असतं. आमच्या एका काकूने बाटल्या न बघता आगळ घातलं होतं, तिची ती खारट जेली अजून घरात निघते.

आम्रखंडासाठी १ किलो दही फडक्यात बांधून फ्रीजमध्येच टांगा, बाहेर खुंटीला टांगलं तर मे महिन्यात सकाळपर्यंत आंबट ढाण. साधारण ४००-५०० ग्रॅम चक्का मिळतो. पिठीसाखर आधी १ वाटीच घाला, हापूसचा घट्ट रस १ वाटी घातल्यावर चव बघून वाढवा. देवगड की रत्नागिरी यावरून आमच्या घरात भांडणं होतात त्यामुळे मी फक्त हापूस म्हणते. आम्रखंड छोट्या स्टीलच्या वाट्यांत किंवा काचेच्या छोट्या ग्लासात अर्ध्यापर्यंतच भरा, भरभरून भरलं की लोक अर्धं टाकतात.

विकतचं काय घ्यायचं

आंबापोळी आणि फणसपोळी, बोटभर रुंद पट्ट्या कापून गुंडाळ्या करायच्या, टूथपिक लावायची. जत्रेतलं मालवणी खाजं, गुळाचं आलं घातलेलं. मुंबईहून आलेली पोरं आधी नाक मुरडतात आणि मग तेच सगळ्यात आधी संपतं. आणि भाजलेले काजू, आपल्याच भागातले. ओले काजूगर मिळाले तरी ते उसळीत घाला, इथे नको. काजू मात्र एका कोपऱ्यात वेगळ्या वाटीत ठेवा, कुणाला सोसत नसतील तर कळतं, आणि अगदी बारक्या पोरांच्या हाताला लागणार नाहीत असे.

फळांत हापूस, करवंदं, जाम, आणि कापा फणस. बरका नाही, बरक्याचे गरे बुळबुळीत, पानावर घसरत सुटतात. कापाही वेगळ्या ताटलीत लांब ठेवा कारण फणसाचा वास सगळ्याला लागतो, आम्रखंड खाताना फणसच खाल्ल्यासारखं वाटतं. गणपतीत पाट लावणार असाल तर हापूस नसतोच, तेव्हा आंबापोळी वाढवा आणि साच्यातले माव्याचे मोदक ठेवा. पावसात बिस्कीट अजून लवकर सादळतं हे लक्षात ठेवा.

प्रत्यक्ष मांडणी

पाहुणे पानावर बसले की सुरुवात करा, त्याआधी नाही. आधी मुंग्यांचा बंदोबस्त, मोठ्या परातीत दोन बोटं पाणी, मध्ये जड पातेलं उपडं आणि त्यावर पाट. पाट परातीच्या कडेला टेकता कामा नये, टेकला की मुंगीला पूल मिळाला. मग पान.

पहिल्यांदा वाट्या रिकाम्याच ठेवून बघा, काजूची एक, कोकम सिरपची एक, करवंदांची एक, त्रिकोणात. त्या बसल्या की बाकीच्या वस्तूंना आपोआप जागा मिळतात. मग लवकर न बिघडणारं, म्हणजे खजुराच्या चकत्या आणि खोबऱ्याचे लाडू. चकत्या अर्ध्या एकमेकींवर चढवून ओळीने लावल्या की भरगच्च दिसतात आणि उचलायलाही बऱ्या. पांढरे लाडू आणि काळपट खजूर शेजारी शेजारी, रंग उठून येतो. मग आंबापोळीच्या गुंडाळ्या उभ्या. बिस्किटाचा रोल फ्रीजरमधून काढून पाच मिनिटांनी कापा, लगेच कापला तर तडकतो, उशीर केला तर दबतो. सुरी प्रत्येक कापाला पुसायची, नाहीतर पांढऱ्या सारणावर कोको फासला जातो. चकती बोटभर जाडीची, पातळ केली की मधलं सारण गळून पडतं.

जेलीचे चौकोन आणि आम्रखंडाच्या वाट्या पाटावर ठेवूच नका, शेजारी दुसऱ्या परातीत बर्फ घालून त्यावर. बर्फामुळे परातीला बाहेरून घाम येतो आणि तो टेबलावर पसरतो, म्हणून खाली जाड टॉवेल. दुधादह्याचं काहीही मे महिन्यात तासाभरापेक्षा जास्त बाहेर नको, मी तर निम्म्या वाट्या आत फ्रीजमध्येच ठेवते आणि पहिल्या संपल्या की काढते. लाईट गेली तर फ्रीज उघडझाप करायची नाही, एवढं घरच्यांना आधीच बजावून ठेवा, पोरं पाण्याच्या बाटलीसाठी दहादा उघडतात.

हापूस सगळ्यात शेवटी. घट्टसर पिकलेला घ्या, दोन्ही गाल कापून सालीसकट आडव्याउभ्या चिरा द्या आणि साल मागून दाबली की फुलासारखं उघडतं, तसंच ठेवा. सुटे तुकडे केले की रस सुटतो आणि पानावर ओघळ येतात. खाजं अगदी शेवटी डब्यातून काढायचं, तेही मूठभरच, आंब्यापासून दूर. डबा टेबलाखाली ठेवा आणि भरत राहा. भरलेला पाट एकदा लावून सोडून देण्यापेक्षा थोडं थोडं भरलेला बरा, शेवटी येणाऱ्यालाही पहिल्यासारखाच दिसतो, आणि आपल्याकडे शेवटी येणारे बरेच असतात.

वरून मलमलचं फडकं किंवा जाळी, माश्यांसाठी. फोटो काढायचे ते आत्ताच काढा, जाळी काढून. केळवणाच्या दिवशी नणंदेने फोटो काढेपर्यंत तिच्या होणाऱ्या दिराने दोन लाडू उचललेले होते, फोटोत ती दोन भोकं अजून दिसतात.

उरलंच तर लाडू आणि खजूर आठवडाभर फ्रीजमध्ये टिकतात, पाहुण्यांना डबे भरून द्या. बिस्किटाच्या मोडक्या चकत्या आणि उरलेलं आम्रखंड रात्री एका वाटीत कालवून खायचं, ते आम्ही पाहुण्यांना सांगत नाही. पान गोठ्यात.