मीटरच्या लाल दिव्यावरून उपकरणाचे खरे वॅट मोजा

क्लॅम्प मीटरवरचा (तारेभोवती चिमटा लावून विद्युतप्रवाह मोजणारे साधन) अँपियरचा आकडा घरच्या विजेच्या २३० व्होल्टने गुणला की व्होल्ट-अँपियर मिळतात, वॅट नव्हे. पंखा, मोटर, एलईडी दिवा यांत पॉवर फॅक्टरमुळे (व्होल्ट-अँपियरपैकी खऱ्या वॅटचा हिस्सा) हा आकडा फुगलेला येतो. घरचा वीजमीटर मात्र खरी सरासरी पॉवरच मोजतो, तेव्हा त्यालाच विचारावे.

१. मीटरवर ‘इम्प/केडब्ल्यूएच’ (imp/kWh, म्हणजे एका युनिटमागे मीटरचा लाल दिवा किती वेळा लुकलुकतो) पुढचा आकडा वाचा. समजा ३२०० आहे.
२. मोजायचे उपकरण सोडून बाकी सगळे बंद करा. राउटर आणि स्टँडबायवरचा टीव्हीसुद्धा.
३. मीटरचा लाल दिवा लुकलुकताच मोबाइलचे स्टॉपवॉच सुरू करा. ती लुकलुक ‘शून्य’ धरा, ‘एक’ नाही. इथेच बहुतेकांचे गणित चुकते. दहाव्या लुकलुकीला थांबवा.
४. ३६,००,००० ला (एका युनिटमधले वॅट-सेकंद) ३२०० ने भागा : ११२५. त्याला १० ने गुणून सेकंदांनी भागा.

१५० सेकंद लागले, तर ११२५० ÷ १५० = ७५ वॅट. साध्या छतपंख्याचा आकडा साधारण इतकाच येतो.

फ्रिजला ही रीत लावू नका. त्याचा कॉम्प्रेसर चालू-बंद होत राहतो, म्हणून २४ तासांची युनिट मोजून २४ ने भागा आणि १००० ने गुणा, म्हणजे सरासरी वॅट मिळतात.