बाबांच्या रिमोटचं ओके बटण

टीव्हीवर इंटरनेटचे कार्यक्रम दाखवणारी स्टिक जळली, तिचा रिमोट तेवढा शाबूत राहिला. आता टीव्हीला जुना डेस्कटॉप जोडलाय, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट. माऊस हातात घ्यायला बाबा तयार नाहीत. "मला आपला हाच बरा," म्हणत रिमोट पुढे केला. घेतला जोडायला.

जोडणी पाच मिनिटांची. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, ब्लूटूथसीटीएल ही ब्लूटूथची कमांड सुरू करा, 'स्कॅन ऑन' द्या आणि होमचं बटण दहा सेकंद दाबून धरा. (हे माझ्या रिमोटचं, तुमचं बटण वेगळं असेल.) नाव दिसलं की शेजारचा कोलनवाला पत्ता कॉपी करा. तो देऊन आधी 'पेअर', मग 'ट्रस्ट', मग 'कनेक्ट'. 'ट्रस्ट' गाळू नका. सेल वाचवायला रिमोट झोपतो, आणि उठल्यावर ओळख नसेल तर कॉम्प्युटर त्याला दारातच अडवतो.

बाण चालले, आवाज चालला. ओके मात्र ढिम्म. बाबांनी तीनदा दाबलं, चौथ्यांदा अंगठ्याचं नख पांढरं होईपर्यंत. "सेल गेले वाटतं."

सेल ठणठणीत होते. कुठलं बटण काय पाठवतं ते दाखवणारा ईव्हीटेस्ट इन्स्टॉल करून सुडोने, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने, चालवा, यादीतला रिमोट निवडा आणि अडलेलं बटण दाबा. मला स्कॅनकोड (रिमोट पाठवतो तो) दिसला सी००४१, की-कोड (लिनक्स त्याचा लावतं तो अर्थ) ३५३, म्हणजे 'सिलेक्ट'. बटण पोचत होतं तर! पण मिंटमध्ये पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणाऱ्या एक्स डिस्प्लेचे की-कोड २५५ला संपतात. ३५३ त्याच्या गावीही नसतो. तेव्हा त्या बटणाला 'एंटर' करायचं.

त्यासाठी एटसी या सेटिंगच्या फोल्डरात, जोडलेली उपकरणं सांभाळणाऱ्या युडेव्हच्या एचडब्ल्यूडीबी-डी फोल्डरात दोन ओळींची फाइल लागते. पहिल्या ओळीत रिमोटची ओळख: बस, व्हेंडर, प्रॉडक्ट. हे आकडे ईव्हीटेस्ट सुरुवातीलाच दाखवतो. ते चार-चार अंकी लिहा, त्यांत अक्षरं आली तर कॅपिटलमध्ये. बस म्हणजे जोडणीचा प्रकार, ब्लूटूथची ०००५. दुसऱ्या ओळीत स्कॅनकोड, बरोबरचं चिन्ह (=) आणि एंटर, आणि या ओळीच्या सुरुवातीला एक स्पेस हवीच. त्या एका स्पेसपायी माझी अख्खी संध्याकाळ गेली. मग सिस्टमडी-एचडब्ल्यूडीबीला 'अपडेट' आणि युडेव्हअ‍ॅडमला 'ट्रिगर' सांगा, दोन्ही सुडोने.

पॉवरचं बटण असेल तर त्याच फाइलीत त्याच्यापुढे 'रिझर्व्हड' लिहून ते मारून टाका. बाबा टीव्ही बंद करायला गेले आणि माझी अर्धी उतरलेली फाइल कॉम्प्युटरसकट झोपली.