शेजारच्यांचं पार्सल तुमच्याकडे येतंय?

नाशिकच्या सिडकोत घराचा पत्ता ‘एन’पासून सुरू होतो आणि तिरक्या रेघांनी लांबत जातो. त्यातला शेवटचा आकडा गळला की पार्सल शेजारच्या दारात.

1. डिलिव्हरीवाला दारातच असेल तर लेबलवरचं नाव वाचा, आपलं नसेल तर तिथेच परत द्या.
2. तो निघून गेला असेल तर लेबलचा फोटो, ट्रॅकिंग नंबर दिसेल असा, शेजाऱ्यांना पाठवा. खोका फोडू नका.
3. पुढच्या वेळेसाठी त्यांना अ‍ॅपमधला पत्ता बदलायला सांगा: घर क्रमांक पहिल्याच ओळीत, खूण शेवटी. नकाशावरची पिनही स्वतःच्या दारावर सरकवायची; बहुतेकदा घोळ तिथेच असतो.

‘कॅश ऑन डिलिव्हरी’ असेल तर शेजाऱ्यांना फोन लावल्याशिवाय पैसे देऊ नका. ओटीपी तर नाहीच.