दुसऱ्या टोकाकडून कोण टाकत होतं?

क्रीडा विश्लेषण शिकायला इंग्लंडला गेलो, तेव्हा प्रबंधाचा विषय डोक्यात पक्का होता. काउंटी क्रिकेटमध्ये, म्हणजे तिथल्या परगण्यांच्या संघांच्या स्पर्धेत, एका गोलंदाजाच्या यशात दुसऱ्या टोकाकडून टाकणाऱ्या जोडीदाराचा वाटा किती? आजोळी लहानपणापासून ऐकलेलं होतं, 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.' तेच आकड्यांत दाखवायचं, सहा महिन्यांत काम फत्ते! आता या वाटेला येणारी मुलं सुरुवात कुठून करू म्हणून विचारतात. त्यांनी निदान माझ्या चुका तरी पुन्हा करू नयेत.

पहिली चूक हंगामाची. आपण भारतातलं क्रिकेट पाहत वाढलेलो, त्यामुळे काउंटीचं वर्ष अंगवळणी पडायला वेळ लागतो. अठरा संघ, दोन विभाग, चार-चार दिवसांचे सामने, एप्रिल ते सप्टेंबर. एप्रिलमध्ये खेळपट्टीत ओल असते, आभाळ खाली आलेलं असतं आणि तिथल्या ड्यूक्स बनावटीच्या चेंडूची हाताने घातलेली शिवण बराच वेळ टिकते. जुलैत तोच गोलंदाज त्याच मैदानावर घाम गाळतो आणि चेंडू सरळ जातो. मी एका मध्यमगती गोलंदाजाचे सामने दोन ढिगांत वाटले, अमुक जोडीदार सोबत असतानाचे आणि नसतानाचे. सरासरीत नजरेत भरेल एवढा फरक निघाला. मी खुशीत गाईडकडे गेलो. त्यांनी एवढंच विचारलं, "तो जोडीदार कोणत्या महिन्यांत खेळला?"

एप्रिल आणि मे. परदेशी खेळाडू, अर्ध्या हंगामाचा करार. मी जोडीदार मोजलाच नव्हता, हवामान मोजलं होतं.

तेव्हा तुलना करायची ती एकाच सामन्यात, जमल्यास एकाच डावात. हा गोलंदाज अमक्यासोबत टाकत होता ती षटकं एकीकडे, तमक्यासोबतची दुसरीकडे. पण छापील धावफलक याबाबतीत मुका असतो. षटकं, निर्धाव, धावा, बळी एवढंच तो सांगतो. समोरच्या टोकाला कोण होता, हे चेंडूगणिक नोंदीतूनच काढावं लागतं. जुन्या सामन्यांसाठी एकरेषीय पद्धतीचा स्कोअररचा कागद हाती लागला तर सोनंच. बीबीसीचे स्कोअरर बिल फ्रिंडॉल यांनी सुधारून रूढ केलेल्या त्या पद्धतीत दोन्ही टोकांचे गोलंदाज शेजारी शेजारी दिसतात. ती वाचायला शिका, आठवडा जाईल पण जाऊ द्या.

दुसरी गोष्ट मला लेकर आणि लॉक यांनी शिकवली. जिम लेकर ऑफस्पिनर, टोनी लॉक डावखुरा फिरकी गोलंदाज. १९५२ ते १९५८ सलग सात वर्षं त्यांची काउंटी सरे अजिंक्य, त्यात या दोघांचा वाटा मोठा. ही जोडी आपण आठवतो ती मात्र १९५६ च्या ओल्ड ट्रॅफर्ड कसोटीने. लेकरने ९० धावांत १९ बळी घेतले, एकूण एक मैदानाच्या एकाच टोकाकडून, स्ट्रेटफर्ड एंडकडून. त्याच सामन्यात लॉकने ६९ षटकं टाकली, त्यातली ३३ निर्धाव, आणि त्याच्या नावावर बळी एक. आता नुसत्या बळींचा तक्ता मांडला तर काय दिसेल? लेकर शेजारी असला की लॉक पडतो! त्याच वर्षी मे महिन्यात ओव्हलवर ऑस्ट्रेलियन पाहुण्यांविरुद्ध सरेकडून खेळताना लेकरने पहिल्या डावात ८८ धावांत दहाच्या दहा घेतले. दुसऱ्या डावात लॉकने ४९ धावांत सात. डावात बळी दहाच. एकाच्या ताटात वाढले की दुसऱ्याच्या ताटातले कमी होणार. म्हणजे जोडीदार दाब निर्माण करून देतो आणि तुमच्या वाटणीचेही खातो, दोन्ही एकाच वेळी. म्हणून मी एकेकट्याचे बळी मोजणं सोडलं आणि दोघांची मिळून षटकं, धावा, बळी धरायला लागलो. प्रबंध तिथून मार्गी लागला.

आणि 'जोडीदार' म्हणजे एकाच वेळी टाकणाराच, असंही नाही. एसेक्सने २०१७ मध्ये पंचवीस वर्षांनी विजेतेपद मिळवलं तेव्हा जेमी पोर्टरने ७५ आणि सायमन हार्मरने ७२ बळी घेतले. एक नव्या चेंडूचा मानकरी, दुसरा दक्षिण आफ्रिकेतून आलेला ऑफस्पिनर. ऑफस्पिनर एक टोक तासन् तास धरून बसला की वेगवान गोलंदाजाचे पाय ताजे राहतात, हा फायदा सोबतच्या षटकांच्या हिशेबात कुठेच येत नाही. (त्या काळातली आकडेवारी घेताना एक ध्यानात ठेवा. २०१६ ते २०१९ पाहुण्या संघाला नाणेफेकीशिवाय आधी गोलंदाजी घेता येत असे. फिरकीला वाव मिळावा हा हेतू, पण तुलनेत घोळ होतो.)

आपल्याकडच्या वाचकाला श्रीरामपूरच्या झहीर खानचा २००६ चा वूस्टरशरचा हंगाम आठवेल, ७८ बळी. त्याच्याबद्दल लिहिणारा प्रत्येकजण त्याच्या पुनरागमनाचं लिहितो, समोरच्या टोकाचं क्वचित. तुमच्यापैकी कुणाला विषय हवा असेल तर घ्या.

शेवटी, फक्त लॅपटॉपवर बसू नका. काउंटीच्या दुय्यम संघाच्या सामन्यांना गर्दी नसते, स्कोअररच्या खोलीत नीट विचारलं तर जागा मिळते. एका थंड सकाळी मी तिथे माझे रकाने भरत होतो. शेजारच्या म्हाताऱ्या स्कोअररने वही पाहिली, खिडकीबाहेरच्या झेंड्याकडे बोट केलं आणि विचारलं, वाऱ्याच्या तोंडी कोण धावतोय, हे कुठे लिहिलंयस? ज्येष्ठ गोलंदाजाला वारा पाठीशी मिळाला होता, एकोणीस वर्षांचा पोरगा समोरून वारा खात चढावर धावत होता. माझ्या वहीत तसा रकानाच नव्हता. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पट्टी घेऊन तो आखला.