स्पोडोप्टेरा अळीची कात पाहून फवारणीची वेळ कशी ठरवावी

निपाणी-चिकोडी भागात सोयाबीन, भुईमूग आणि तंबाखूवर येणाऱ्या स्पोडोप्टेरा अळीसाठी दुकानात नोव्हाल्युरॉन, ल्युफेन्युरॉन अशी औषधे मिळतात. ती अळीला जागीच मारत नाहीत, तर नवी कात नीट तयार होऊ देत नाहीत. म्हणून फवारणीचा दिवस अळीच्या वाढीवरून ठरवावा लागतो.

पतंगवर्गीय किडींमध्ये कायटिन, म्हणजे किडीच्या कातीला घट्टपणा देणारा पदार्थ, तयार करणारी दोन जनुके असतात. पहिले जनुक कातडीत आणि श्वासनलिकांत काम करते. दुसरे मधल्या आतड्यात काम करते. तेथे खाल्लेल्या पानाभोवती कायटिनचे एक पातळ जाळीदार अस्तर तयार होते आणि ते पानाच्या खरखरीत तुकड्यांपासून व जंतूंपासून आतड्याचे रक्षण करते. पिठात होणाऱ्या तांबड्या भुंगेऱ्यावरील २००५ सालच्या प्रयोगात पहिले जनुक बंद केल्यावर किडीला कात टाकता आली नाही, तर दुसरे बंद केल्यावर तिने खाणे सोडले आणि ती आक्रसत गेली. ही औषधे मुख्यतः पहिल्या जनुकाने घडवलेल्या विकरावर (एन्झाइमवर) आघात करतात, हे २०१६ साली कोबीवरील चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या याच जनुकात सापडलेल्या एका बदलामुळे स्पष्ट झाले. त्यामुळे औषध पोटात गेले तरी अळी पुढच्या कातीपर्यंत पाने खात राहू शकते.

पेरणीनंतर पीक वाढीला लागले की आठवड्यातून दोनदा सकाळी शिवारात फिरून पानांची खालची बाजू पाहावी. मादी अंडीपुंज घालून त्यावर स्वतःच्या अंगावरचे पिवळसर केस पसरते; तो पुंज पानासह तोडून नष्ट करणे हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे. पुंज सुटला, तर लहान अळ्या एकाच पानावर गोळा होऊन हिरवा गर खरवडतात आणि पान पांढरट, जाळीदार दिसू लागते. फवारणी याच टप्प्यावर करावी, कारण या अळ्यांच्या अजून अनेक काती बाकी असतात. मोठ्या झालेल्या अळ्या दिवसा मातीत दडतात, फार खातात आणि त्यांच्या थोड्याच काती उरतात. एका हंगामात पाने चाळणीसारखी झाल्यावर मी हेच औषध मारले आणि अर्धे पीक गमावले.

डब्यावरील लेबलवर आपले पीक लिहिलेले असल्याची खात्री करून तेथील प्रमाणच वापरावे, आणि पानाची खालची बाजू भिजेल अशी फवारणी संध्याकाळी करावी. दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसल्या म्हणून लगेच दुसरे औषध मारू नये. तीन-चार दिवसांनी पाहावे: जुनी कात अंगाला अर्धवट चिकटलेली, काळवंडलेली, सुस्त अळी दिसली, तर औषध लागू पडले आहे. पुढची फवारणी लागली, तर नोव्हाल्युरॉनच्या जागी ल्युफेन्युरॉन घेऊन उपयोग नाही. दोन्ही एकाच गटातील असल्यामुळे प्रतिकारशक्ती आलेली अळी दोघांनाही दाद देत नाही. वेगळ्या गटातील औषध निवडावे.

शेजारी तुती असेल, तर वाऱ्याची दिशा पाहिल्याशिवाय पंप सुरू करू नये, कारण रेशीमकिडाही कात टाकूनच वाढतो. पंप आणि डबे दूधगंगा-वेदगंगेच्या पात्रात किंवा ओढ्यात धुवू नयेत. खेकडे आणि झिंगे यांचे कवचही कायटिनचेच असते आणि पाण्यात मिसळलेले थोडे औषधही त्यांना मारते.