विमानप्रवासात बॅग तुटल्यास भरपाई कशी मागावी

पट्ट्यावरून आलेल्या बॅगेचे चाक निखळलेले किंवा कोपरा फुटलेला दिसला, तर विमानतळाबाहेर पडण्यापूर्वीच विमान कंपनीच्या काउंटरवर नुकसानीचा लेखी अहवाल नोंदवावा आणि त्याची क्रमांक असलेली प्रत हाती आल्याशिवाय तेथून हलू नये. थकव्यामुळे ‘उद्या बघू’ म्हणणे येथे फार महागात पडते. बॅगेचे सर्व बाजूंनी फोटो काढावेत. निदान एका फोटोत तडा आणि हँडलवरचा टॅग एकत्र दिसावा, म्हणजे ती बॅग त्याच प्रवासातली आहे याबद्दल वाद उरत नाही. बोर्डिंग पासही जपून ठेवावा.

१९९९ च्या मॉन्ट्रियल करारानुसार, तो लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय प्रवासात चेक-इन सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांच्या आत करावी लागते. म्हणून काउंटरवरच्या अहवालावर विसंबून न राहता कंपनीला ईमेलही पाठवावा आणि त्यात अहवालाचा क्रमांक, खरेदीची पावती, दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज आणि मागितलेली नेमकी रक्कम द्यावी. २८ डिसेंबर २०२४ पासून भरपाईची कमाल मर्यादा प्रतिप्रवासी १,५१९ विशेष आहरण अधिकार (एसडीआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) इतकी आहे. ती मर्यादा आहे, ठरलेली रक्कम नव्हे. बॅगेतील मूळ दोषामुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी मात्र कंपनीवर येत नाही.

दावा नाकारला गेल्यास कारणे लेखी मागावीत. न्यायालयात जाण्याची मुदत २ वर्षांची असते. देशांतर्गत प्रवासाला त्या त्या देशाचे नियम लागू होतात.